स्टेअरिंग चिकटतंय? पाना उचलण्याआधी वही उघडा



गेल्या आठवड्यातल्या व्हिडिओत आपण गॅरेजच्या जॉब कार्डवर बोललो. तेव्हा बऱ्याच जणांचा सूर असा होता की, "सर, आमचं गॅरेज गावात आहे. दोन पोरं, एक शेड. आम्हाला कुठे एवढी लिखापढी करायला वेळ?" त्याचं उत्तर म्हणून आज एक खरी गोष्ट सांगतो. गोष्ट माकुणसारची आहे आणि विषय इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंगचा. गॅरेजवाल्यांना यातून तपासणीचा पूर्ण क्रम मिळेल. ज्यांचं गॅरेज नाही पण गाडी आहे, त्यांना मेकॅनिकला कोणते प्रश्न विचारायचे ते कळेल. आणि ज्यांचा धंदा तिसराच आहे, त्यांनी शेवटचा भाग नक्की वाचा.

फोन आला तो असा

जुलै महिना. सफाळे-केळवे पट्ट्यात पाऊस धो धो. माकुणसारला गॅरेज चालवणारा एक मित्र आपल्या पालघरच्या बॅचला होता. त्याचा सकाळी सकाळी फोन.

"सर, एक गिऱ्हाईक आलंय. बोईसरला एमआयडीसीत शिफ्टला जातो. स्टेअरिंग चिकटतं म्हणतोय. शहरातल्या एका मोठ्या वर्कशॉपने पूर्ण ईपीएस कॉलम बदलायला सांगितलाय. बत्तीस हजार. मला म्हणतो, दादा, तुम्ही काही स्वस्तात कराल का? काय करू?"

मी विचारलं, "तू गाडी चालवून बघितलीस का?"

"नाही अजून. सेकंडहँड कॉलम मिळतोय एक, अकरा हजारांत. तो टाकून देऊ का?"

बघा, गाडी अजून चालवलेली नाही आणि पार्ट ठरलाय! आपल्यापैकी किती जण रोज हेच करतात? गिऱ्हाईक आजार सांगत नाही, औषधाचं नाव सांगतं आणि आपण दुकानदारासारखं ते काढून देतो.

मी त्याला म्हटलं, "आधी त्याला खुर्ची दे, चहा दे आणि नीट विचार. कधी चिकटतं, कुठे चिकटतं, कधीपासून चिकटतं."

उत्तर आलं ते महत्त्वाचं होतं. गिऱ्हाईक घरच्यांना घेऊन वापीला निघालं होतं. तांदुळवाडी घाट उतरून वरई फाट्याला हायवे पकडला. मनोरच्या पुढे सरळ रस्ता, बाजूला ट्रेलर. गाडी जरा डावीकडे सरकली म्हणून त्याने स्टेअरिंग किंचित उजवीकडे ओढलं, तर ते हललंच नाही. थोडा जोर लावला आणि एकदम सुटलं. गरजेपेक्षा जास्त वळलं. ट्रेलरचं चाक खिडकीजवळ दिसलं तेव्हा मागच्या सीटवर बायको ओरडली. काही झालं नाही, पण तो माणूस तिथून साठच्या वर गेला नाही, आणि त्या दिवसापासून बायको गाडीत बसायला तयार नाही.

"आणखी काय म्हणाला?"

"महिना-दोन महिने थोडं थोडं होतं. पाऊस लागल्यावर वाढलं."

ही दोन वाक्यं बत्तीस हजारांची होती. कशी, ते पुढे कळेल.

जड, चिकट, न परतणारं: तीन वेगळे आजार

गिऱ्हाईक सगळ्यालाच "स्टेअरिंग हार्ड झालंय" म्हणतं. आपण मात्र तीन खाने पाडायचे.

१. जड स्टेअरिंग. उभ्या गाडीत, पार्किंग करताना सगळीकडे सारखाच जोर लागतो. इथे मदत कमी पडतेय. टायरची हवा, बॅटरी, अर्थिंग, फ्यूज, मोटर या बाजूला बघा.

२. चिकटणारं स्टेअरिंग. वेगात, सरळ रस्त्यावर, मधोमध. बारीक दुरुस्ती करायला गेलं की हलत नाही, मग एकदम सुटतं. इथे कुठेतरी घर्षण वाढलंय. बहुतेक वेळा हा यांत्रिक दोष असतो.

३. न परतणारं स्टेअरिंग. वळण घेतलं, हात सैल केला, तरी चाक आपणहून सरळ होत नाही. टायर, अलाइनमेंट, शॉकअबच्या वरचं बेअरिंग, बॉल जॉइंट, घट्ट रॅक, यांपैकी काहीही.

आणखी एक खूण लक्षात ठेवा. स्टेअरिंग हळूहळू पूर्ण फिरवलं आणि एका फेरीत ठरावीक दोन जागी अडकल्यासारखं वाटलं, तर पहिला संशय कॉलमच्या खालच्या दांड्यावरच्या क्रॉसवर घ्यायचा.

आणि एक गोष्ट दोष नसते. अरुंद वाडीच्या वाटेवर उभ्या गाडीत पाच-सहा वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत स्टेअरिंग फिरवलं, तर मोटर तापते आणि कंट्रोल युनिट स्वतःच मदत कमी करतं. थोडा वेळ थांबलं की पुन्हा हलकं होतं. गिऱ्हाइकाला हे समजावून सांगा. त्यासाठी बिल फाडू नका.

आत नेमकं असतं काय?

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत मोटर डॅशबोर्डच्या खाली, स्टेअरिंग कॉलमवरच बसवलेली असते. अशा कॉलमवरच्या रचनेची पहिली गाडी म्हणजे १९८८ सालची जपानमधली सुझुकी सर्व्हो. ते काम कोयो सेइको कंपनीचं. आज तीच कंपनी जेटेक्ट नावाने ओळखली जाते.

काम साधं आहे. तुम्ही स्टेअरिंग वळवलं की कॉलममधला एक बारीक दांडा किंचित पिळला जातो. तो पीळ टॉर्क सेन्सर मोजतो. किती जोर लावला, कुठल्या बाजूला लावला आणि गाडीचा वेग किती, हे बघून कंट्रोल युनिट मोटरला करंट देतं. पार्किंगमध्ये जास्त, हायवेवर कमी. मोटरच्या टोकाला स्टीलचा वर्म असतो, तो एका मोठ्या प्लास्टिकच्या दातेरी चाकाला फिरवतो आणि ते चाक कॉलमला. आवाज कमी व्हावा म्हणून ते चाक प्लास्टिकचं, आणि दोघांच्या मध्ये खास ग्रीसचा पातळ थर.

मोटरपासून खाली मात्र सगळं जुनंच आहे. क्रॉसवाला दांडा, रॅक, टाय रॉड, बॉल जॉइंट, शॉकअब, टायर. ईपीएस आलं म्हणून यातलं काही गायब झालं नाही. उलट मोटर मदत करते म्हणून खालची घाण बरेच दिवस लपून राहते. आणि हायवेवर मदत कमी झाली की तीच घाण हाताला लागते. म्हणूनच गावात फिरताना "ठीक आहे" वाटणारी गाडी मनोरच्या पुढे चिकटते.

तपासणीचा क्रम: फुकटापासून महागाकडे

हा क्रम छापून शेडमध्ये लावा. प्रत्येक पायरीचा एकच नियम: आधीची पायरी पूर्ण झाल्याशिवाय पुढची नाही.

पायरी १: जुनी नोंद. ही गाडी आधी आपल्याकडे आली होती का? पुढच्या बाजूचं कुठलं काम केलं होतं? टायर मोठे टाकलेत का? खड्ड्यात किंवा डिव्हायडरला आपटली होती का? पुराच्या पाण्यातून गेली होती का?

पायरी २: हवा आणि टायर. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर दिलेला प्रेशर भरा, अंदाजाने नाही. पुढची हवा कमी असेल तर स्टेअरिंग जडही होतं आणि परतणंही मंदावतं.

पायरी ३: गिऱ्हाइकासोबत चालवून बघा. गाडी त्याला चालवू द्या, तुम्ही बाजूला बसा. मग तुम्ही चालवा. तो ज्याला चिकटणं म्हणतो आणि तुम्हाला जे जाणवतं, ते एकच आहे ना, हे पक्कं करा. स्टेअरिंग खूप चिकटत असेल तर हायवेला नेऊ नका, मोकळ्या रस्त्यावर हळू बघा.

पायरी ४: स्कॅनर, पण फक्त वाचायला. ईपीएसचे कोड वाचा. लाइव्ह डेटात हात सोडल्यावर टॉर्क सेन्सर शून्याजवळ आहे का? गाडी सरळ असताना स्टेअरिंगचा कोन शून्य दाखवतो का? डावीकडे आणि उजवीकडे सारखंच वळवल्यावर मोटरचा करंट साधारण सारखा आहे का? इथे एक इशारा. कोड नाही म्हणजे दोष नाही, असं समजू नका. गंजलेल्या क्रॉसला सेन्सर नसतो. तो कोड देणार कुठून?

पायरी ५: वीज. इंजिन चालू, एक माणूस उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवतोय, तेव्हा मल्टिमीटर लावा. बॅटरीचा मायनस आणि ईपीएसचा अर्थ पॉइंट यांच्यात किती व्होल्ट दिसतात? प्लसच्या बाजूला किती? उभ्या गाडीत ही मोटर काही दशक अँपिअर ओढते, म्हणून अर्थिंगवरचा थोडासा गंजही इथे लगेच दिसतो. अर्धा व्होल्ट किंवा जास्त पडत असेल तर आधी ते साफ करा. आपल्या किनाऱ्यावर खारी हवा आहे, अर्थिंगच्या बोल्टवर पांढरी-हिरवी बुरशी चढायला वेळ लागत नाही. पण लक्षात ठेवा, विजेच्या दोषाने स्टेअरिंग जास्त करून जड होतं किंवा मध्येच मदत जाते. मधोमध चिकटणं हे त्याचं लक्षण सहसा नसतं.

पायरी ६: दोन्ही पुढची चाकं उचला. मागच्या चाकांना उटी, हँडब्रेक आणि पुढे घोड्या. नुसत्या जॅकवर कधीच नाही. इग्निशनमध्ये किल्ली फक्त लॉक सुटेल एवढीच, मदत बंद. आता दोन बोटांनी स्टेअरिंग हळू फिरवा. चाकं हवेत असतानाही अडकतंय? मग टायर आणि रस्ता बाद, दोष गाडीत आहे. फिरवताना दुसऱ्याने शॉकअबच्या स्प्रिंगवर हात ठेवावा. स्प्रिंग पिळून एकदम "टंग" करून सुटत असेल तर वरचं बेअरिंग जाम आहे.

पायरी ७: अर्धं अर्धं करा. ही सगळ्यात महत्त्वाची पायरी. दोन्ही टाय रॉड एंड चाकाकडून सोडवा. आता प्रत्येक चाक हाताने वळवा. अडकलं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. चाकं मोकळी आहेत आणि स्टेअरिंग अजून अडकतंय? मग दोष रॅक, दांडा किंवा कॉलममध्ये. आता दांडा रॅकपासून सोडवा आणि परत फिरवा. अडकणं थांबलं तर रॅक. नाही थांबलं तर क्रॉस किंवा कॉलम.

दांडा सोडवण्याआधी तीन गोष्टी पक्क्या करा. बॅटरीचा मायनस काढून मॅन्युअलमध्ये एअरबॅगसाठी दिलेला वेळ थांबा. चाकं सरळ ठेवून दांड्यावर आणि पिनियनवर रंगाची खूण करा. आणि दांडा सुटलेला असताना स्टेअरिंग मोकळं गरागरा फिरू देऊ नका, नाहीतर एअरबॅगची गुंडाळी केलेली केबल तुटते. तपासणीसाठी मधल्या जागेपासून दोन्हीकडे मोजून अर्धी-अर्धी फेरी पुरे. काम झालं की पुन्हा मध्यावर आणून बांधून ठेवा.

या सात पायऱ्यांत तुम्ही एकही पार्ट विकत घेतलेला नाही. वेळ लागला दीड-दोन तास. आणि आजार कुठल्या खोलीत आहे ते कळलं.

आता परत माकुणसारला

मित्राने पायरी एकपासून सुरुवात केली. वही उघडली. आपल्या बॅचनंतर त्याने फार काही नाही, पण एक साधी शंभर पानी वही ठेवायला सुरुवात केली होती. तारीख, गाडी नंबर, तक्रार, काय केलं, किती घेतले.

त्यात २२ एप्रिलची नोंद होती. तीच गाडी. तक्रार: "पुढून खडखड." काम: "रॅक टाइट केली." घेतले: तीनशे रुपये.

दहा मिनिटांनी त्याचा पुन्हा फोन आला. आवाज बसलेला. "सर, हे मीच केलंय."

काय झालं होतं ते समजून घ्या, कारण ही चूक गावोगावी होते. रॅकच्या दांड्याला मागून एक तुकडा स्प्रिंगने दाबून धरतो. त्याच्या मागे ॲडजस्टिंग नट असतो. खड्ड्यात खडखड आली की आपण तो नट आवळतो आणि आवाज बंद होतो. गिऱ्हाईक खूश. पण त्या नटाचा हिशोब कंपनीने दिलेला असतो: ठरावीक टॉर्कला आवळायचा आणि मग ठरावीक अंश मागे सोडायचा. आपण मात्र अंदाजाने आवळतो. जास्त आवळला की रॅक दाबली जाते. मधोमध बारीक दुरुस्ती करताना ती पकडते. खडखड गेली, चिकटणं आलं. शिवाय खडखड खरं तर रॅकच्या घासलेल्या बुशची होती. तो बुश तसाच राहिला.

"महिना-दोन महिने थोडं थोडं होतं", हे गिऱ्हाइकाचं पहिलं वाक्य. त्याचा अर्थ हा.

मित्राने नट सोडून मॅन्युअलप्रमाणे लावला. स्टेअरिंग निम्म्याहून जास्त मोकळं झालं. इथे दुसरा एखादा थांबला असता. पण त्याने सातवी पायरी पूर्ण केली. दांडा सोडवला, कॉलम हळू फिरवला आणि एका फेरीत दोनदा हाताला हलकी गाठ लागली. खालचा क्रॉस काढून बघितला तर एका बाजूचं बेअरिंग तांबूस गंजलेलं, बोटाने हलवलं तर अडखळत हलतंय. त्या गाडीत हा क्रॉस इंजिनच्या बाजूला उघड्यावर येतो. समुद्र जवळ, खाडी जवळ, आणि पहिल्या पावसात साठलेल्या पाण्यातून रोजचं येणं-जाणं.

"पाऊस लागल्यावर वाढलं", हे दुसरं वाक्य. त्याचा अर्थ हा.

कॉलम, मोटर, सेन्सर, कंट्रोल युनिट, सगळं ठणठणीत होतं. बत्तीस हजारांचा कॉलम बदलला असता तरी घट्ट रॅक खाली तशीच राहिली असती. अकरा हजारांचा जुना टाकला असता तर त्यात आणखी एक अनोळखी दोष गाडीत आला असता.

गिऱ्हाइकाला काय सांगायचं?

आता खरी परीक्षा. गिऱ्हाइकाला काहीच माहीत नव्हतं. नट सैल केला, क्रॉस बदलला, "ईपीएस रिपेअर केलं, बारा हजार द्या" म्हटलं असतं तरी तो वीस हजार वाचले म्हणून हात जोडून गेला असता.

मित्राने मला विचारलं, "सांगू का त्याला?"

मी म्हटलं, "हायवेवर त्याची बायको का ओरडली, ते आता तुला माहीत आहे. तूच ठरव."

त्याने गिऱ्हाइकाला शेडमध्ये बोलावलं. वही दाखवली. म्हणाला, "भाऊ, एप्रिलमध्ये मी रॅक जास्त आवळली होती. अर्धा दोष माझा. त्या कामाची मजुरी मी घेणार नाही, तेव्हाचे तीनशेही परत. हा क्रॉस मात्र गंजलाय, हा बघा, हाताने हलवून बघा. याचा दांडा नवा घ्यावा लागेल, आणि रॅकचा बुश."

गिऱ्हाईक काही वेळ बोललंच नाही. मग रागावलं. रागवायलाच हवं होतं, जीवाशी खेळ होता. मित्राने ऐकून घेतलं. सारवासारव केली नाही, "कंपनीचा पार्टच तसला" म्हणाला नाही.

नवा दांडा, बुश, दांड्याचा नवा बोल्ट मॅन्युअलच्या टॉर्कला आवळून, मग अलाइनमेंट आणि स्कॅनरने स्टेअरिंगच्या कोनाचं शून्य पुन्हा सेट. सगळं मिळून बिल पाच हजारांच्या आत. संध्याकाळी दोघांनी मिळून गाडी वरईपर्यंत नेऊन आणली. दोन आठवड्यांनी त्याच गिऱ्हाइकाच्या कंपनीतले दोघे जण आपापल्या गाड्या घेऊन माकुणसारला आले. बोईसरहून, वाटेतली सगळी गॅरेजं सोडून.

आणि ईपीएसमध्येच खरा दोष असेल तर?

तसंही होतं. त्याचं एक मोठं उदाहरण होंडाचं. ऑक्टोबर २०२४ मध्ये होंडाने अमेरिकेत सुमारे १७ लाख गाड्या परत बोलावल्या. तक्रार अगदी आपल्यासारखीच: हायवेवर सरळ जाताना स्टेअरिंग चिकटतं. तिथे कारण स्टेअरिंग गिअरबॉक्समध्येच निघालं. प्लास्टिकचं वर्म चाक नीट बनलेलं नव्हतं, त्याच्या आणि वर्मच्या मधला ग्रीसचा थर अपुरा पडत होता आणि वर्मला दाबणाऱ्या स्प्रिंगचा दाबही जास्त होता. दुरुस्ती काय? स्प्रिंग बदलायची, ग्रीस नीट पसरवायचं किंवा लागेल तसं घालायचं, आणि तेही फुकट.

यातून दोन धडे. पहिला, लक्षण एकच, पण जागा वेगळी असू शकते. म्हणूनच अर्धं अर्धं करून शोधायचं, ऐकीव गोष्टीवर जायचं नाही. दुसरा, होंडाने केलं म्हणून आपण कॉलम उघडून हाताला येईल ते ग्रीस भरायचं नाही. त्या प्लास्टिकला चालणारं ग्रीस वेगळं असतं, टॉर्क सेन्सर तिथेच शेजारी असतो, आणि परत जोडल्यावर कॅलिब्रेशन लागतं. ज्याच्याकडे ते साहित्य आणि ट्रेनिंग नाही, त्याने तपासणी करून, लेखी निष्कर्ष देऊन गाडी पुढे पाठवावी. "हे माझ्याकडे होणार नाही, पण दोष इथे आहे" एवढं सांगण्याचेही पैसे घेता येतात. फीचं पुढे बोलू.

आणखी एक काम फुकट आणि दोन मिनिटांचं. गाडीचा चेसिस नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून रिकॉल आहे का बघा. आपल्याकडेही स्टेअरिंगचे रिकॉल झालेत. जुलै २०२३ मध्ये मारुती सुझुकीने एस-प्रेसो आणि इको मिळून ८७,५९९ गाड्या स्टेअरिंगच्या टाय रॉडसाठी बोलावल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये २,५५५ अल्टो के१० स्टेअरिंग गिअरबॉक्सच्या संभाव्य दोषासाठी. त्यांच्या मालकांना तर पार्ट बदलेपर्यंत गाडी चालवू नका, असंच सांगितलं होतं. रिकॉलची गाडी गिऱ्हाइकाला स्वतःहून सांगून कंपनीकडे पाठवलीत तर त्या दिवसाचं काम जाईल. माणूस मात्र कायमचा तुमचा होईल.

धंद्याचं गणित

आता सगळ्यांसाठी. गॅरेज असो, मोटर वायंडिंग असो, फ्रिज-एसी असो की शिलाई मशीनची दुरुस्ती.

१. तपासणी विका. आपण पार्टवर मार्जिन कमावतो आणि तपासणी फुकट देतो. मग पार्ट विकल्याशिवाय घर चालत नाही, आणि हात आपोआप महागड्या पार्टकडे जातो. तपासणीची फी ठरवा, पाटीवर लिहा, आधी सांगा: "दोन तास तपासणार, एवढे लागतील, दोष सापडो न सापडो." माझ्या मित्राने त्यानंतर तशी पाटी लावली. काही गिऱ्हाइकं परत गेली. जी थांबली ती भाव करत नाहीत.

२. अंदाज तीन ओळींत द्या. काय नक्की खराब आहे. काय संशयास्पद आहे. काय ठीक आहे. तिसरी ओळ बहुतेक जण लिहीतच नाहीत, आणि विश्वास त्या ओळीनेच बसतो.

३. जुना पार्ट पिशवीत घालून द्या. गंजलेला क्रॉस गिऱ्हाइकाने स्वतः हलवून बघितला, म्हणून पैसे देताना त्याने प्रश्न विचारला नाही.

४. पहिला संशय आपल्या कामावर. गाडी परत आली की आपण आधी रस्त्याला दोष देतो, मग गिऱ्हाइकाच्या ड्रायव्हिंगला, मग कंपनीला. वहीत शोधा, बहुतेक वेळा उत्तर तिथेच असतं. आणि वहीच नसेल तर? तर माझ्या मित्राने अकरा हजारांचा जुना कॉलम टाकला असता, गाडी तशीच चिकटत राहिली असती आणि पुढच्या वेळी ट्रेलर कदाचित थोडा जवळ असता.

५. जीवाशी संबंधित कामात उधारीचा अंदाज नाही. ब्रेक, स्टेअरिंग, टायर. या तीन कामांत मॅन्युअलचा आकडा नसेल तर पाना खाली ठेवा. आकडा मिळवा, मग उचला.

ज्यांना "लिखापढीला वेळ नाही" वाटतं, त्यांना शेवटी एवढंच सांगतो. २२ एप्रिलची ती नोंद लिहायला माझ्या मित्राला अर्धं मिनिट लागलं होतं. त्यात चार शब्दही स्पेलिंग बघून लिहिलेले नव्हते, "टाइट" चुकीचंच लिहिलं होतं.

आज दुकान बंद करण्याआधी किराणावाल्याकडून एक शंभर पानी वही घ्या. पहिल्या पानावर आजचीच गाडी लिहा. सात पायऱ्या हाताने करून दाखवलेला व्हिडिओ चॅनेलवर आहेच, तो पोरांना दाखवा.

पुढच्या भागात तपासणीची फी किती ठेवायची आणि गिऱ्हाईक "एवढ्याशा बघण्याचे पैसे?" म्हणालं तर काय बोलायचं, त्यावर बोलू. तोवर काळजी घ्या, आणि हो, निघण्याआधी टायरची हवा बघा.